चाळ सुटली, टॉवर मिळाला: वेस्ट हॅमच्या घरच्या मैदानाचं प्रकरण

१० मे २०१६ च्या रात्री पूर्व लंडनमधल्या अप्टन पार्कवर वेस्ट हॅम युनायटेडने मँचेस्टर युनायटेडला ३-२ असं हरवलं. पाहुण्यांच्या बसवर बाहेर बाटल्या फेकल्या गेल्या म्हणून सामना पाऊण तास उशिरा सुरू झाला. ऐंशीव्या मिनिटाला विन्स्टन रीडने डोक्याने मारलेला गोल निर्णायक ठरला. ११२ वर्षं ज्या मैदानावर क्लब खेळला, तिथला तो शेवटचा सामना. तीन महिन्यांनी हेच समर्थक तीनेक मैलांवरच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये बसले होते, आणि पहिल्याच हंगामात दोन वाक्यं कायमची ऐकू यायला लागली: ‘घरच्या मैदानावर आपण हरतोय’ आणि ‘इथे काही मजाच नाही’.

या दोन वाक्यांचं पुढे काय झालं, ते इथे मांडलं आहे. क्लबचं नाव झाकण्यात अर्थ नाही, सगळं जगजाहीर आहे. स्टँडमधल्या सामान्य समर्थकांची नावं मात्र घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

क्लब अप्टन पार्कला आला १९०४ मध्ये. मैदान ग्रीन स्ट्रीटला लागून. लंडनमध्ये नातेवाइकांकडे राहून आलेल्या मराठी माणसाला हा रस्ता साड्या, सोन्याची दुकानं आणि मिठाईसाठी माहीत असतो. त्याच रस्त्यावरून दर पंधरा दिवसांनी तांबड्या-निळ्या जर्सींचा लोंढा जायचा. मैदानात माणसं मावायची साधारण ३५ हजार, आणि पहिल्या रांगेतला माणूस टचलाइनच्या इतका जवळ, की थ्रो-इन घेणाऱ्या खेळाडूला त्याच्या शिव्या स्पष्ट ऐकू याव्यात.

शेवटच्या हंगामात (२०१५-१६) प्रशिक्षक स्लाव्हेन बिलिचच्या संघाने ६२ गुण मिळवून सातवा क्रमांक पटकावला. घरच्या १९ सामन्यांत ९ जिंकले, ७ बरोबरीत, फक्त ३ हरले. दिमित्री पाये नावाचा फ्रेंच खेळाडू फ्री-किकवर जादू करत होता. म्हणजे घर सोडलं ते घर सगळ्यात छान वाटत असताना. पुढच्या सगळ्या तुलना याच हंगामाशी झाल्या, आणि ही तुलना थोडी अन्यायाचीच होती.

समोरचे पर्याय

क्लबपुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या. आहे तिथेच एक स्टँड मोठा करून चाळीस हजारांच्या आसपास जायचं. स्वतःची जमीन घेऊन नवं मैदान बांधायचं, ज्यासाठी पैसा नव्हता. किंवा २०१२ च्या ऑलिम्पिकसाठी उभारलेलं आणि नंतर काय करायचं हे कुणालाच नीट न सुचलेलं स्टेडियम घ्यायचं.

तिसऱ्या वाटेवर आधी मालकी हक्काचा प्रयत्न झाला. टॉटनहॅम हा लंडनमधला दुसरा क्लबही शर्यतीत होता. त्याला स्टेडियम पाडून नवं बांधायचं होतं. कोर्टकचेऱ्यांनंतर २०११ मध्ये तो व्यवहार मोडला आणि २०१३ मध्ये वेस्ट हॅमला ९९ वर्षांचा भाडेकरार मिळाला. क्लबने रूपांतराच्या खर्चाला दीड कोटी पौंड दिले, वर्षाचं भाडं साधारण २५ लाख पौंड ठरलं. रूपांतरावर एकूण खर्च झाला ३२.३ कोटी पौंड, आणि त्यातला बहुतेक करदात्यांच्या खिशातून. करारात सुरक्षा, हिरवळीची निगा, इतकंच काय, गोलपोस्ट आणि कोपऱ्यातली झेंडीसुद्धा स्टेडियमच्या मालकाच्या माथी होती. हिशेबाच्या वहीत याहून स्वस्त सौदा सापडणं कठीण.

पण भाडेकरू म्हणजे भाडेकरू. भिंतीला खिळा मारायचा तरी मालकाला विचारायचं. आणि मालकाची एक अट होती: ॲथलेटिक्सची धावपट्टी राहणार, उन्हाळ्यात तिच्यावर स्पर्धा होणार.

समर्थकांच्या वाट्याला काही आलं नाही असं नाही. नव्या मैदानात सगळ्यात स्वस्त सीझन तिकीट २८९ पौंडांना, मुलांचं ९९ पौंडांना. लंडनमध्ये ही किंमत जवळपास अविश्वसनीय होती. ५० हजारांहून जास्त सीझन तिकिटं खपली. जुन्या मैदानात जागा न मिळालेले, घरात लहान मुलं असलेले, पहिल्यांदाच नियमित येणारे असे हजारो लोक आत आले. नव्या मैदानावर टीका करताना हे लोक सहसा कुणाला आठवत नाहीत.

धावपट्टीचं गणित

आवाज का पोहोचत नाही, हे समजायला इथे थोडी भूमिती हवी.

चारशे मीटरच्या प्रमाणित धावपट्टीचं वळण साडेछत्तीस मीटर त्रिज्येचं असतं. त्यामुळे आतलं मैदान रुंदीला ७३ मीटर आणि लांबीला सुमारे १५७ मीटर होतं. फुटबॉलचं मैदान ६८ बाय १०५. बाजूला फरक पडतो अडीच मीटरचा. गोलच्या मागे मात्र मधोमध मोजलं तर २६ मीटर मोकळे राहतात, आणि त्यापुढे आठ लेनची, म्हणजे जवळजवळ दहा मीटरची धावपट्टी. थोडक्यात, धावपट्टीच्या मैदानात सगळ्यात लांब फेकला जातो तो गोलमागचा प्रेक्षक. इंग्लिश फुटबॉलमध्ये गाणी म्हणणारे, उभे राहणारे, सामना डोक्यावर घेणारे लोक परंपरेने नेमके तिथेच असतात.

लंडन स्टेडियममध्ये (ऑलिम्पिक स्टेडियमचं हे नवं नाव) यावर तोडगा म्हणून खालच्या मजल्याच्या खुर्च्या धावपट्टीवर पुढे ओढून आणण्याची सोय केली. अंतर कमी झालं, पण संपलं नाही. शिवाय खालचा मजला पुढे सरकल्याने त्याच्यात आणि वरच्या मजल्यात खिंड पडली. खालून सुरू झालेलं गाणं वर पोहोचेपर्यंत विरून जायचं.

आपल्याकडे हे सांगावं लागू नये. पुण्यात बालेवाडीला फुटबॉल पाहिलेल्यांना धावपट्टीपलीकडचा खेळ कसा दिसतो ते माहीत आहे. मुंबई सिटी पहिले दोन हंगाम नेरूळच्या डी. वाय. पाटील या क्रिकेटच्या भल्यामोठ्या वाडग्यात खेळली आणि २०१६ मध्ये अंधेरीच्या छोट्या मैदानावर आली. खुर्च्या कितीतरी कमी झाल्या, पण माणसं खेळाच्या जवळ आली. वेस्ट हॅमने त्याच वर्षी नेमका उलटा प्रवास केला.

पहिला हंगाम: काय बिघडलं

सुरुवात वाईट नव्हती. बोर्नमथविरुद्धचा पहिला लीग सामना १-० जिंकला. पण ऑगस्टमध्येच रुमानियाच्या आस्त्रा जुर्जूने युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या दारातून परत पाठवलं, सप्टेंबरमध्ये वॉटफर्डविरुद्ध २-० आघाडी घेऊन ४-२ हार झाली, मग साउदॅम्प्टनने तीन गोल चढवले. डिसेंबरात आर्सेनलने पाच, फेब्रुवारीत मँचेस्टर सिटीने चार. हंगामाअखेर घरचा हिशेब: ७ विजय, ४ बरोबरी, ८ पराभव.

याच काळात स्टँडमध्ये घरच्याच समर्थकांची आपसात हाणामारी झाली. कारण ऐकायला क्षुल्लक वाटेल: उभं राहायचं की बसायचं. जुन्या मैदानात कुठल्या भागात लोक उभे राहतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कागदावर कुठेही न लिहिता. नव्या ठिकाणी मुलाला घेऊन आलेल्या बापाच्या पुढच्या रांगेत तीस वर्षं उभं राहून सामना पाहिलेला माणूस आला. दोघांनी पैसे भरलेले, दोघेही आपापल्या जागी बरोबर. मध्ये पडायला स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीचे स्ट्युअर्ड, म्हणजे गर्दी सांभाळणारे कर्मचारी, ज्यांना क्लबच्या सवयी माहीत नव्हत्या. पोलिसांच्या रेडिओची यंत्रणा आत नीट चालत नव्हती, म्हणून सुरुवातीला पोलीसही आत तैनात होत नव्हते. ऑक्टोबरमध्ये चेल्सीविरुद्धच्या कप सामन्यात नाणी आणि खुर्च्या उडाल्या.

प्रकरणातला माझ्या मते सगळ्यात महागात पडलेला निर्णय इथे आहे, आणि त्याचा धावपट्टीशी काही संबंध नाही. जागावाटप. चाळीचा पुनर्विकास होतो तेव्हा खोलीच्या बदल्यात फ्लॅट मिळतो, क्षेत्रफळ वाढतं, लिफ्ट येते. पण शेजारी चौदाव्या मजल्यावर आणि आपण तिसऱ्यावर. कोण कुणाच्या बाजूला उभं राहायचं, गाणं कुठून सुरू व्हायचं, कुठला म्हातारा पंचाला पहिली शिवी घालायचा, ही मांडणी अप्टन पार्कच्या विटांत नव्हती, ती माणसांच्या रांगांत होती. ती मांडणी तिकीट-खिडकीवर विस्कटली आणि मग ‘वातावरण कुठे गेलं’ म्हणून शोधाशोध सुरू झाली.

दोन तक्रारी, एक वाक्य

आता आकडे नीट पाहू, कारण समर्थकांच्या चर्चेत हा भाग बहुतेक वेळा निसटला.

घरच्या मैदानावर आदल्या वर्षी ३४ गुण होते, नव्या मैदानात २५. नऊ गुणांची घसरण. मैदानाला दोष देणाऱ्यांना एवढा पुरावा पुरेसा होता. पण बाहेरच्या मैदानांवर याच दोन हंगामांत गुण २८ वरून २० वर आले. आठ गुणांची घसरण. म्हणजे एकूण १७ गुण गेले त्यातले जवळजवळ निम्मे अशा मैदानांवर गेले, जिथे ना धावपट्टीचा संबंध होता ना स्ट्युअर्डांचा. संघच कमकुवत झाला होता. पायेने जानेवारी २०१७ मध्ये खेळायला नकार दिला आणि मार्सेयला निघून गेला.

उलट दिशेचा पुरावाही त्याच हंगामात आहे. ५ मे २०१७ ला टॉटनहॅम विजेतेपदाच्या शर्यतीत असताना इथे आला आणि वेस्ट हॅमच्या लान्सिनीच्या गोलने १-० हरून गेला. मैदान तेच, अंतर तेच.

मला यातून असं दिसतं की दोन वेगळी गाऱ्हाणी एकाच वाक्यात बांधली गेली होती. संघ हरतोय हे एक. हे घर आपलं वाटत नाही हे दुसरं. समर्थक पहिल्याचं कारण मैदानात शोधत राहिले. क्लब दुसऱ्यावर उत्तर म्हणून ‘जिंकलो की सगळं ठीक होईल’ म्हणत राहिला. दोघेही अर्धे बरोबर होते, म्हणूनच वाद मिटेना.

१० मार्च २०१८

दुसऱ्या हंगामाची सुरुवातच विचित्र झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये स्टेडियमवर जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धा होती, म्हणून पहिले तिन्ही लीग सामने बाहेर. तिन्ही हरले, दहा गोल खाल्ले. भाडेकरूपणाची किंमत पहिल्यांदा थेट गुणतक्त्यात दिसली. लिव्हरपूलने वेस्ट हॅमला घरच्या मैदानावर ४-१ हरवल्यावर नोव्हेंबरात बिलिच गेला, डेव्हिड मॉइज आला.

मार्चमध्ये बर्नलीविरुद्धच्या सामन्याआधी क्लबच्या मालकांविरुद्ध समर्थकांचा मोर्चा ठरला होता. संघटकांची क्लबशी बोलणी झाली आणि मोर्चा रद्द झाला. इथे क्लबच्या आणि संघटकांच्या दोघांच्याही हातून एक चूक झाली असं वाटतं: मोर्चा रद्द झाला, राग नाही. रस्त्यावर दोन तास घोषणा देऊन निवला असता तो राग लोक तसाच मैदानात घेऊन आले.

दुसऱ्या सत्रात बर्नलीचा पहिला गोल झाला आणि एक प्रेक्षक हिरवळीवर धावला. कर्णधार मार्क नोबलने त्याला धरून खाली पाडलं. आणखी लोक आले. एकाने कोपऱ्यातली झेंडी उपटून मैदानाच्या मध्यभागी रोवली. (तीच झेंडी, जिचा खर्च करारानुसार स्टेडियमच्या मालकाकडे होता.) संचालकांच्या कक्षाखाली गर्दी जमली, क्लबचे मालक डेव्हिड सलिव्हन आणि डेव्हिड गोल्ड यांना तिथून उठून आत जावं लागलं. सामना ३-० हरला.

तीन आठवड्यांनी पुढचा घरचा सामना होता, साउदॅम्प्टनविरुद्ध. सुरक्षा वाढवली होती. वेस्ट हॅम ३-० जिंकला आणि हंगामाअखेर तेरावा आला. तातडीची भीती सरली, की चर्चेची निकडही सरते. तसंच झालं.

काय दुरुस्त केलं

बदल झाले, पण तुकड्यातुकड्यांनी. धावपट्टी झाकणारं हिरवं आच्छादन डोळ्यांत खुपायचं, कारण त्यामुळे मैदान होतं त्याहून मोठं आणि प्रेक्षक होते त्याहून लांब वाटायचे. त्याच्या जागी क्लबच्या तांबड्या रंगाचं हवं होतं. एवढ्याशा गोष्टीवर क्लब आणि स्टेडियमचे मालक यांच्यात दीर्घ वाद झाला. २०१८-१९ च्या हंगामात रंग बदलला. २०१९ मध्ये एका स्टँडला जुना कर्णधार बिली बाँड्स याचं नाव दिलं. पुढच्या काळात गोलमागच्या खुर्च्यांची वक्र मांडणी सरळ करून त्या पुढे आणल्या. भूमिती जिथे सगळ्यात वाईट होती, त्या जागी हात घालायला चार वर्षं लागली.

फेब्रुवारी २०२० मध्ये हजारो समर्थकांनी क्लबच्या मालकांविरुद्ध मोर्चा काढला. पुढच्याच महिन्यात कोविडने सगळं बंद पडलं.

रिकामं स्टेडियम, मग सेव्हिया

२०२०-२१ चा हंगाम जवळजवळ पूर्ण प्रेक्षकांविना झाला. त्या हंगामात प्रीमियर लीगमध्ये यजमान १४४ वेळा जिंकले, पाहुणे १५३ वेळा. गर्दी गेली की घरच्या मैदानाचा फायदा किती पातळ होतो, याचा इतका स्वच्छ प्रयोग कुणी मुद्दाम करू शकला नसता.

आणि वेस्ट हॅम? ६५ गुण, सहावा क्रमांक. ५ डिसेंबर २०२० ला, मार्चनंतर लीगमध्ये पहिल्यांदाच, दोन हजार प्रेक्षकांना आत सोडलं ते याच मैदानात. मध्यांतराला १-० आघाडीवर असलेला संघ मँचेस्टर युनायटेडकडून ३-१ हरला. गमतीने का होईना, ‘आपणच अपशकुनी’ असं समर्थकांनी म्हणायला हा सामना पुरेसा होता. पण रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळणं या संघाला मानवलं याचं एक कारण उघड आहे: बर्नलीच्या दिवशीसारखी अंगावर येणारी घरचीच नाराजी तिथे नव्हती. गर्दी हा दर वेळी फायदाच असतो हे गृहीतक या क्लबपुरतं तरी तपासून पाहावं लागतं.

मग १७ मार्च २०२२. युरोपा लीग, उपउपांत्यपूर्व फेरी, समोर सेव्हिया. पहिला सामना १-० हरलेला. त्या रात्री सुमारे साठ हजार लोक होते. सामना जादा वेळेत गेला आणि ११२ व्या मिनिटाला आंद्रिय यार्मोलेन्कोने वेस्ट हॅमचा निर्णायक गोल केला. त्याच्या युक्रेनवर रशियाने हल्ला करून जेमतेम तीन आठवडे झाले होते. त्या रात्रीचा आवाज ऐकलेल्या कुणालाही ‘या वाडग्यात आवाज होतच नाही’ असं पुन्हा म्हणता आलं नाही. पुढच्या वर्षी ७ जून २०२३ ला प्रागमध्ये फिओरेन्टिनाला २-१ हरवून क्लबने कॉन्फरन्स लीग जिंकली. ४३ वर्षांतली पहिली मोठी ट्रॉफी.

वेगळं काय करता आलं असतं

जिंकल्यावर घर आपलं वाटतं हे क्लबचं म्हणणं सेव्हियाच्या रात्री खरं ठरलं. अडचण एवढीच, की मग हरल्यावर ते पुन्हा परकं होतं. जुन्या मैदानातही संघ हरायचा, अनेकदा खालच्या श्रेणीतही गेला, पण लोक मैदानाला शिव्या घालत नव्हते. संघाला घालायचे.

पहिला सुटलेला निर्णय जागावाटपाचा. लोकांना गटाने अर्ज करू देणं क्लबला शक्य होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गोलमागचा एक भाग आधीच ‘गाणाऱ्यांचा’ म्हणून जाहीर करणं, आणि लहान मुलं आणणाऱ्यांना तो कुठे आहे हे तिकीट घेतानाच सांगणं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर कुठल्या तालमीचे लोक कुठे बसतात हे कुणाला विचारावं लागत नाही, आणि ते चुकलं तर काय होतं हेही पोलिसांना पाठ आहे. पूर्व लंडनमध्ये हे ज्ञान शंभर वर्षांचं होतं. ते कुणी उतरवून घेतलं नाही.

दुसरा, गोलमागचं अंतर. दोन्ही टोकांच्या खुर्च्या सरळ करून पुढे घेण्याचं काम पहिल्या दिवसाआधी करारात घालता आलं असतं. २०१३ ला वाटाघाटीत क्लबचं पारडं जड होतं, कारण तितका मोठा दुसरा भाडेकरू कुणी नव्हता. ती ताकद भाडं कमी करण्यात खर्च झाली.

तिसरा, मोठ्या आश्वासनांचा. जागतिक दर्जाच्या मैदानासाठी त्याच दर्जाचा संघ मिळेल अशी आशा दाखवूनच स्थलांतर लोकांच्या गळी उतरवलं गेलं. स्वस्त तिकिटं आणि जास्त जागा या दोन खऱ्या गोष्टी होत्या; तेवढ्यावर बोलले असते तर पहिल्या हंगामातल्या अकराव्या क्रमांकाला विश्वासघात म्हणायची वेळ आली नसती.

समर्थकांच्या बाजूनेही एक. प्रत्येक पराभवाला मैदान हे कारण दिल्यामुळे खेळाडूखरेदी आणि प्रशिक्षण यांवरचे प्रश्न बराच काळ मागे राहिले. बाहेरच्या सामन्यांचे ते आठ गुण कुणी फारसे मोजले नाहीत.

अलीकडे

२०२५-२६ च्या हंगामात पहिले चार घरचे लीग सामने हरले: चेल्सी १-५, टॉटनहॅम ०-३, क्रिस्टल पॅलेस १-२, ब्रेंटफर्ड ०-२. पॅलेसच्या सामन्याआधी समर्थक रस्त्यावर उतरले, आठवड्याभरात प्रशिक्षक ग्रॅहम पॉटरला काढलं. नवा प्रशिक्षक नूनो एस्पिरितो सान्तोचा पहिला घरचा सामना २० ऑक्टोबरला, सोमवारी रात्री, ब्रेंटफर्डविरुद्ध होता. या वेळी कुणी हिरवळीवर धावलं नाही. बहिष्काराची हाक दिली होती, आणि हजारो सीझन तिकीटवाले पैसे भरूनही घरी बसले.

२ नोव्हेंबरला न्यूकॅसलने चौथ्याच मिनिटाला गोल केला. वेस्ट हॅमने तो सामना ३-१ असा जिंकला. हंगामातला तो घरच्या मैदानावरचा पहिला विजय.